नाशकात जुना बंगला घेतल्यावर: पाण्यापासून बागेपर्यंत कामाचा क्रम

महात्मानगर, कॉलेज रोड, इंदिरानगर, उपनगर, नाशिकरोड या भागांत १९७५ ते १९९५ च्या दरम्यान बांधलेले बंगले आणि रो-हाउस आता मोठ्या संख्येने विक्रीला येताहेत. मुलं पुण्याला किंवा परदेशात, आई-वडील थकलेले, दारात आंब्याचं झाड आणि गच्चीवर गंजलेली टाकी. असं घर घेतलं की पहिल्याच रविवारी सगळे जमतात आणि बोलणं सुरू होतं ते किचन ट्रॉलीचं, हॉलमधली भिंत काढायचं आणि पुढच्या अंगणात लॉन करायचं.

मी म्हणेन, हे सगळं सहा महिने बाजूला ठेवा. जुन्या घराचा आराखडा पाण्याभोवती करायचा असतो. गच्चीवरचं पाणी कुठून उतरतं, अंगणातलं कुठे साचतं, नळाचं कुठे झिरपतं, जमिनीतलं भिंतीत किती चढतं. ओल, चिरा, वाळवी, गंजलेली सळई, फुगलेली फरशी ही बहुतेक त्याचीच करणी असते. पाण्याचा हिशेब लागला की पुढचा क्रम आपोआप सुचतो, आणि तो लागण्याआधी बसवलेली महागडी टाइल दोन वर्षांत उखडून काढावी लागते.

पायरी १: कागद, पण पटकन

खरेदीखत झालं, आता इंडेक्स २ हाती आलं म्हणजे संपलं असं नाही. मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर तुमचं नाव लागलं का ते बघा. महापालिकेत घरपट्टी आणि पाणीपट्टी, महावितरणकडे वीजमीटर, ही नावं लगेच बदलून घ्या. काम सुरू झाल्यावर तीन फेजचं मीटर किंवा मोठं नळजोड हवं असेल तर जुन्या मालकाच्या सहीसाठी धावावं लागतं.

मंजूर नकाशा आणि भोगवटा दाखला मिळवा आणि नकाशा हातात धरून घरभर फिरा. मागच्या बाजूची न्हाणीघर-स्टोअररूम नकाशात नसणं, पोर्चवर एक खोली चढलेली असणं हे जुन्या घरात नेहमीचं. जे मंजूर नाही त्यावर नवा खर्च करायचा की नाही, हे आधी ठरवा. डिसेंबर २०२० पासून राज्यात बहुतेक ठिकाणी एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. गिलावा, रंग, फरशी अशा साध्या दुरुस्तीला परवानगी लागत नाही. खोली वाढवणं, स्लॅब पाडणं, मार्जिनमध्ये, म्हणजे घराभोवती सोडलेल्या मोकळ्या जागेत, बांधकाम करणं याला लागते. मधल्या कामांबद्दल शंका असेल तर परवानाधारक आर्किटेक्टला विचारा, शेजाऱ्याला नको.

देवळाली कॅम्पमधलं घर असेल तर आधी कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे चौकशी करा, तिथला कारभार वेगळा. सिडकोच्या घरांना भाडेपट्ट्याच्या अटी असू शकतात आणि भिंतीही शेजाऱ्याशी सामायिक असतात, तेव्हा आधी शेजारी, मग मिस्त्री.

नदी किंवा नाल्याजवळ घर असेल तर पूररेषा बघणं सगळ्यात आधी. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाची आशा धरू नका. नकाशा बघाच, शिवाय गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा: २००८ ला पाणी कुठवर आलं होतं, २०१९ ला कुठवर? नाशिककर पूर गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात, आणि मारुतीच्या छातीला पाणी लागलं तेव्हा आपल्या ओट्याची किती पायरी बुडाली हे त्यांना नेमकं आठवतं. गोदावरीच नव्हे, नासर्डी आणि वाघाडीकाठच्यांनीही हे विचारावं.

पायरी २: एक पावसाळा घर बघा

जमत असेल तर घरात काहीही न तोडता एक पावसाळा काढा. राहायला जाणं शक्य नसेल, तर मोठा पाऊस सुरू असताना छत्री घेऊन जा आणि तासभर थांबा. घराचे हप्ते आणि भाडं दोन्ही भरणाऱ्याला हा सल्ला महाग वाटतो, हे मला कळतं. पण उन्हाळ्यात कोरडं दिसणारं घर जुलैत काय बोलतं ते ऐकल्याशिवाय अंदाजपत्रकाला अर्थ नाही.

बघायचं काय? नाशकातला पाऊस नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून झोडपतो. त्यामुळे पश्चिमेच्या भिंतीवर, त्या बाजूच्या खिडक्यांच्या वरच्या कोपऱ्यांत आणि छज्ज्याच्या सांध्यात ओल आधी दिसते. ही ओल वरून खाली येते. जोत्यापासून दोन-तीन फुटांपर्यंत रंग सुटलेला, पांढरं मीठ फुटलेलं असेल तर ती जमिनीतून चढणारी ओल, आणि तिचं औषध वेगळं. न्हाणीघराच्या मागच्या भिंतीवर बारमाही डाग असेल तर पावसाला दोष देऊ नका, पाइप फुटलाय. डागाभोवती पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. महिन्याभरात तो पसरला का, हे त्यावरून कळतं. फोनमधल्या फोटोंपेक्षा ही रेघ कामाला येते, कारण मिस्त्रीला जागेवर दाखवता येते.

पावसाळा हातातून गेला असेल तर पाणी आपण आणायचं. गच्चीची तोंडं गोणपाट कोंबून बंद करा, दोन इंच पाणी भरा आणि दोन दिवस ठेवा. मात्र स्लॅब खालून आधी तपासून घ्या, सळया उघड्या पडल्या असतील तर हा प्रयोग नको. न्हाणीघरातही तसंच. ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं उघडा आणि संडासात बादलीभर रंगीत पाणी टाकून ते किती वेळात कुठे पोचतं ते बघा. जुन्या भागात सेप्टिक टँक तसाच ठेवून शेजारून गटाराला जोड दिलेला असतो. टाकी कुठे आहे हे जुन्या मालकाला आताच विचारा. अंगणात खड्डा खणताना शोध लागण्यापेक्षा ते बरं.

आणि एक गोष्ट नाशकात हमखास: रस्ता. डांबराचे थर वर्षानुवर्षं चढत गेल्याने जुन्या कॉलन्यांत रस्ता वर आणि प्लॉट खाली झालेत. गवंड्याकडची लेव्हल ट्यूब, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, घ्या. एक टोक रस्त्याच्या मधोमध, दुसरं घराच्या जोत्याला. दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीला येतं, तिथून खाली मोजायचं. जोतं रस्त्यापेक्षा किती वर आहे, अंगण किती खाली आहे, मागचं चेंबर किती खोल आहे, ही मापं एका कागदावर उतरवा. आर्किटेक्टच्या थ्रीडी चित्राआधी हा कागद हवा. वास्तुशास्त्राप्रमाणे ईशान्येला टाकी हवी म्हणणाऱ्या काकांनाही तोच दाखवा. कधीकधी उतार आणि शास्त्र जुळतंही.

पायरी ३: चिरा, स्लॅब आणि भिंती

चीर दिसली की घाबरायचं कारण नाही, पण ती वाचता आली पाहिजे. गिलाव्यावरचं केसासारखं जाळं वरवरचं असतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढलेली चीर पायाशी संबंधित असू शकते. शहराच्या बऱ्याच भागांत वर काळी माती आणि खाली मुरूम किंवा काळा खडक आहे. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते. ज्या घराचा पाया मुरमापर्यंत गेलेला नाही, ते घर दरवर्षी थोडं वर-खाली होतं. म्हणून मे महिन्यात उघडणारी आणि ऑगस्टमध्ये मिटणारी चीर मे महिन्यात सिमेंटने भरणं फुकट आहे. चिरेवर काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने दोन्ही बाजूंना चिकटवा आणि तारीख टाका. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे.

यावरचा स्वस्त उपाय बहुतेकदा पायाला हात न लावताच होतो: घराभोवतीची माती वर्षभर एकसारखी ठेवणं. गच्चीचं पाणी भिंतीलगत पडू द्यायचं नाही, भिंतीला लागून वाफे करायचे नाहीत, पाण्याची हावरी झाडं जवळ लावायची नाहीत. जोत्याभोवती अडीच-तीन फुटांची पक्की पट्टी, तिला घरापासून बाहेर उतार, आणि तिच्यापलीकडे पाणी वाहून नेणारी चर. हे झाल्यावर एक वर्ष चीर पाहा, मगच इंजिनिअरने सुचवलेला मोठा खर्च करा. चीर झपाट्याने वाढत असेल किंवा भिंत कललेली दिसत असेल तर अर्थातच थांबायचं नाही.

स्लॅब खालून हातोडीच्या मुठीने हळूच ठोकत जा. घट्ट आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर आत सळई गंजून काँक्रीट सुटलंय. संडास-बाथरूमचे छत, छज्जे आणि बाल्कनीच्या कडा आधी जातात. पोपडे पडले तिथे नुसता गिलावा चढवणाऱ्या ठेकेदाराला नमस्कार करून परत पाठवा. सुटलेलं काँक्रीट काढून, सळई घासून, गंजरोधक लावून, गरज असेल तिथे नवी सळई जोडून मग पॉलिमर मॉर्टर, असा क्रम असतो. घर तीस वर्षांपेक्षा जुनं असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं महानगरपालिका कायद्याप्रमाणे मालकाचं कर्तव्यच आहे. रंगरंगोटीआधी केलेलं ऑडिट उपयोगी, नंतरचं फक्त फाइलसाठी.

आता हॉल आणि स्वयंपाकघरामधली ती भिंत. त्या काळातले बरेच बंगले कॉलम-बीमचे नाहीत, नऊ इंची विटांच्या भिंतींवर स्लॅब टेकलेला आहे. वरच्या मजल्यावर त्याच रेषेत भिंत असेल, किंवा स्लॅबचा ताण त्या भिंतीवर येत असेल, तर ती काढायची म्हणजे आधी लोखंडी गर्डर, टेकू आणि इंजिनिअरची सही. चार-साडेचार इंची भिंत बहुधा नुसती आडोशाची असते, पण "बहुधा" या शब्दावर घणाचा घाव घालू नका.

जुन्या नाशकातला वाडा घेतला असेल, रविवार कारंजा किंवा भद्रकालीच्या आसपासचा, तर वरचं निम्मं गणित बदलतं. तिथल्या भिंती मातीच्या आणि चुन्याच्या, आत सागवानी खांब आणि तुळया. अशा भिंतीत ओल येते आणि सुकतेही. त्यावर सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिकसारखा रंग चढवला की ओल आत अडकते, माती मऊ होते आणि लाकडाची टोकं भिंतीत कुजतात. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधा, मिळेपर्यंत थांबा. सामायिक भिंतीला हात लावण्याआधी शेजारच्या वाड्याची लेखी संमती घ्या.

पायरी ४: वेळापत्रक

पावसाळाभर निरीक्षण, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आराखडा आणि दरपत्रकं, आणि मोडतोड दिवाळीनंतर. दसऱ्याला नारळ फोडायचा तर फोडा, पण दिवाळीत मजूर गावी जातात आणि उत्तर भारतातले कारागीर छठ पूजेनंतरच परततात. पेठ-सुरगाण्याकडचे मजूर होळीला आणि पुढे भातलावणीला घरी जाणार, हे धरूनच चाला. त्यातच २०२७ च्या सिंहस्थाची कामं शहरात चालू आहेत, त्यामुळे चांगला मिस्त्री आधीच बोलून ठेवा.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गच्ची, ड्रेनेज आणि बाहेरचा गिलावा घ्या. थंडीत सिमेंट सावकाश सुकतं, पाणी मारायला सोपं जातं, आणि धरणात पाणी असतं. हेच काम मे महिन्यात काढलं तर ऊन सिमेंटमधलं पाणी ओढून घेतं आणि टँकर तुम्हाला. जानेवारी-फेब्रुवारीत पाइप, वायरिंग, आतला गिलावा. मार्चमध्ये फरशी आणि खिडक्या, एप्रिलमध्ये रंग. बाहेरचा रंग मात्र भिंत पुरती वाळल्याशिवाय नको, त्यासाठी पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबलात तरी चालेल.

पैशांचं म्हणाल तर जुन्या घरात अंदाजाच्या वर पाचवा हिस्सा तरी बाजूला ठेवावा. भिंत उघडल्याशिवाय आतला पाइप दिसत नाही. ठेकेदाराशी मजुरीवर ठरवा किंवा मालासह ठरवा, पण मोजमापाची पद्धत कागदावर घ्या: गिलाव्याच्या मापातून दारं-खिडक्या वजा होणार का, राडारोडा कोण उचलणार आणि कुठे टाकणार. नाल्यात किंवा नदीकाठी टाकलेल्या ट्रॉलीसाठी महापालिकेची नोटीस तुमच्या पत्त्यावर येऊ शकते. गच्चीच्या आणि बाहेरच्या कामाचे पाच ते दहा टक्के पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवायचे, हे सुरुवातीलाच बोला. कुरकुर होते, पण आपल्या कामाची खात्री असलेला माणूस मान्य करतो.

पायरी ५: गच्ची

जुन्या गच्च्यांवर कोब्यावर कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर, चढवलेला असतो. गळती लागली की मागच्या मालकाने आणखी एक थर टाकलेला. चार इंचाच्या ब्रिकबॅट कोब्याचं वजन चौरस फुटाला पंधरा किलोच्या वर जातं, त्यामुळे नवा थर टाकण्याआधी जुना काढा. काढताना ब्रेकर लावू देऊ नका, छिन्नी-हातोडीनेच. मग स्लॅबच्या भेगा भरणं, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कोपऱ्यात गोलाई, वॉटरप्रूफिंगचा थर, त्यावर कोबा, आणि दहा फुटांना साधारण सव्वा इंच उतार. कोब्यावर आठवडाभर तरी पाणी साठवून ठेवा. पाणी उतरायची तोंडं कमीत कमी दोन हवीत. एक पानांनी तुंबलं तर गच्चीचं तळं होतं.

हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला की सुमारे २३५० लिटर पाणी जमतं. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला तर साठ हजार लिटरच्या पुढे. परसात जुनी विहीर असेल तर ती बुजवून पार्किंग करणं हा माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात वाईट निर्णय. गाळ काढा, वर जाळी बसवा आणि गच्चीचं पाणी दगड-खडी-वाळूच्या गाळणीतून तिच्यात सोडा. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी मात्र गटारात जाऊ द्या, त्यात वर्षभराची धूळ आणि कबुतरांची विष्ठा असते.

गच्चीवर मातीचे वाफे करण्याचा मोह होईल. घराची गच्ची साधारण चौरस फुटाला चौदा-पंधरा किलोच्या वावरभारासाठी, म्हणजे माणसं आणि सामानाच्या वजनासाठी, धरलेली असते. एक फूट जाडीची ओली माती चौरस फुटाला पन्नास किलोच्या आसपास भरते. कुंड्या ठेवायच्या तर भिंतींच्या डोक्यावर, कडेने, हलक्या मिश्रणाच्या.

पायरी ६: पाइप, वायर, वाळवी, फरशी

जुने लोखंडी पाइप वरून ठीक दिसतात आणि आतून गंजून बोटभर भोक उरलेलं असतं. न्हाणीघरं उघडणारच असाल तर सगळे बदला, अर्धे ठेवू नका. टाइल लावण्याआधी प्रेशर टेस्ट, म्हणजे पाइपांत दाबाने पाणी भरून गळती बघणं. वायरिंगमध्ये लाकडी पट्टीवरची किंवा ॲल्युमिनियमची वायर सापडली तर पूर्ण नवं करा: दिव्यांना १.५, प्लगांना २.५, गिझर आणि एसीला ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, नवं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. गिलावा करण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा मोजायचा टेप लावून फोटो काढा.

वाळवीचा उपाय फरशीच्या आधी, भिंत आणि जमिनीच्या सांध्यात फूटभर अंतराने छिद्रं पाडून. फरशीबद्दल माझा हट्ट आहे: त्या काळातली मोझॅक टाइल घट्ट असेल तर काढू नका. घासून पॉलिश केली की ती नव्या व्हिट्रिफाइडपेक्षा पायाला थंड लागते, आणि तोडफोडीचा, उचलण्याचा, नव्या मालाचा खर्च वाचतो. नाशकातल्या चैत्र-वैशाखात अनवाणी चालून बघा. सागवानी दारंही तशीच. रंगाचे थर काढून तेल लावलेलं जुनं दार आज नव्याने करायला गेलात तर किंमत ऐकून खाली बसाल.

पायरी ७: अंगणाची पातळी आधी, झाडं शेवटी

बाग शेवटी करायची ही समजूत अर्धी खरी. झाडं शेवटी, पण अंगणाचे उतार, चर, गाळणीचा खड्डा आणि बाहेरचे पाइप घराच्या कामाबरोबरच झाले पाहिजेत. मोडतोड सुरू होण्याआधी अंगणातली वरची फूटभर माती खरवडून एका कोपऱ्यात झाकून ठेवा. नाहीतर सिमेंट, चुना आणि टाइल्सचे तुकडे तिच्यात मिसळतात आणि मग लिंबाची पानं पिवळी का पडतात म्हणून नर्सरीवाल्याला विचारत बसता.

पातळ्या अशा: जोत्याच्या वरच्या कडेपेक्षा फरसबंदी किमान सहा इंच खाली, माती किंवा हिरवळ फरसबंदीपेक्षा दोन-तीन इंच खाली, आणि सगळ्याचा उतार घरापासून दूर. रस्ता वर आणि प्लॉट खाली असेल तर पूर्ण अंगण भरून वर घेण्याची चूक बरेच जण करतात. जोतं गाडलं जातं आणि ओल थेट खोलीत येते. त्याऐवजी फाटकात छोटा उंचवटा, आतल्या बाजूला जाळीची चर, आणि चरीचं पाणी शोषखड्ड्यात. काळ्या मातीत शोषखड्डा मुरमापर्यंत न्यावा लागतो, नाहीतर तो नुसता हौद होतो. दोन गाड्यांसाठी सगळं पुढचं अंगण पेव्हर ब्लॉकने झाकू नका. चाकांपुरत्या दोन पट्ट्या पुरतात.

असलेली झाडं तोडण्याचा विचार मनात असेल तर लक्षात ठेवा: शहरी भागात झाडाला हात लावण्याआधी १९७५ च्या झाडे संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. ती महापालिकेच्या उद्यान विभागाकडून घ्यायची, मोठ्या छाटणीसाठीही आधी तिथेच विचारा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे. बुंध्याभोवती काँक्रीट असेल तर तीन-चार फूट मोकळं करा. पॅरापेटच्या भेगेत उगवलेला पिंपळ मात्र दरवर्षी वरून कापून जाणार नाही. भेग उघडून मूळ काढायचं आणि भेग भरायची.

नवी झाडं लावताना दिशा बघा. पश्चिमेचं ऊन आणि पाऊस अडवायला त्या बाजूला, घरापासून पंधरा-वीस फुटांवर बहावा किंवा ताम्हण. बहावा एप्रिल-मेमध्ये पिवळा होतो, आणि ताम्हण हे तर राज्याचं फूल. जागा लहान असेल तर पारिजातक, सोनचाफा, कांचन, कढीपत्ता, लिंबू. केशर आंबा भिंतीपासून बारा फुटांवर तरी हवा. गुलमोहर वादळात फांद्या टाकतो, घराजवळ नको. सप्तपर्णी खिडकीखाली लावली तर ऑक्टोबरात वासाने डोकं धरून बसाल. वड-पिंपळ-उंबर लहान प्लॉटवर नकोतच. आणि नर्सरीत कुंपणासाठी कोनोकार्पस गळ्यात मारतील, घेऊ नका. त्याची मुळं ड्रेनेजच्या पाइपात शिरतात. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

खड्डे मे महिन्यात खणा, मोठ्या झाडाला तीन फूट लांब-रुंद-खोल, आणि पंधरा दिवस ऊन खाऊ द्या. मग राखून ठेवलेली माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. काळ्या मातीत थोडीशी वाळू मिसळून निचरा सुधारत नाही, खत आणि पालापाचोळा जास्त काम करतो. लागवड जूनअखेर किंवा जुलैत, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर.

नाशिक म्हटल्यावर मांडवावर द्राक्षाचा वेल प्रत्येकाला हवा असतो. लावा, सावलीसाठी छानच. पण घड खायचे असतील तर एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि त्यानंतर डाऊनी-भुरी या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्या, हे सगळं खिडकीशी करावं लागेल. ज्यांना ते नको त्यांनी मांडवावर जाई-जुई चढवावी. गुलाब सोपा. मोगलांच्या काळात या गावाला गुलशनाबाद म्हणत, आणि इथली थंडी गुलाबाला अजूनही मानवते. सहा तास ऊन, ऑक्टोबरमध्ये छाटणी, डिसेंबरात फुलं.

हिरवळ हवीच असेल तर चटईएवढी करा. उन्हाळ्यात तिला रोज पाणी लागतं, आणि ते भिंतीजवळच्या काळ्या मातीत जिरत राहिलं तर पायरी ३ मधली काचेची पट्टी पुन्हा आणावी लागेल. उरलेल्या जागेत मुरूम किंवा शहाबादीचे सुटे तुकडे, त्यांच्या सांध्यांतून गवती चहा, पुदिना. ठिबकचा टायमर लावला तर गावाला गेल्यावर शेजाऱ्यांना त्रास नाही.

पहिला पावसाळा गेला की ऑक्टोबरमध्ये जुनी मापं आणि तारखा घेऊन पुन्हा घरभर फिरा. पेन्सिलच्या रेघा, काचेच्या पट्ट्या, गच्चीची तोंडं, चेंबर, शोषखड्डा. सगळं कोरडं असेल तर ठेकेदाराची राखून ठेवलेली रक्कम देऊन टाका आणि बाहेरच्या रंगाचं दरपत्रक मागवा.